रंजनाचा गुन्हा

१९६२च्या दिवाळीत 'रंभा' मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' प्रसिद्ध झाली. मुंबईतला एक कविमनाचा ड्रॉइंग मास्तर, निशिकांत त्याचं नाव; रेडिओवर गाणारी श्यामा; आणि तिच्याआधी त्याच्या आयुष्यात येऊन गेलेल्या दोघीजणी, असा सगळा मामला. दिवाळी अंकांत तेव्हा असल्या कथांचा तोटा नव्हता. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत वाचून संपाव्यात आणि देवदिवाळीपर्यंत विसरल्या जाव्यात, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असे. पण एका वाचकाला 'श्यामा' अश्लील वाटली. भारतीय दंडविधानाच्या २९२व्या कलमाखाली फिर्याद दाखल झाली. खालच्या कोर्टाने लेखकाला सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काकोडकर थेट दिल्लीपर्यंत गेले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ऑगस्ट १९६९मध्ये. काकोडकर निर्दोष सुटले. अश्लीलतेच्या खटल्यांचा अभ्यास करणारे वकील आजही या निकालाचा दाखला देतात. काळ बदलतो तशा समाजाच्या कल्पना बदलतात आणि कोवळ्या मुलींच्या हाती पडेल एवढ्याच बेताने साहित्य लिहायचे दिवस गेले, असं न्यायमूर्तींनी त्यात बजावलं होतं. मला मात्र त्यातला दुसराच भाग फार आवडतो. कथा वाचून झाल्यावर न्यायालयाने तिच्यावर थोडी समीक्षाही केली. ती फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाचा तोकडेपणा तिच्यात दिसत असेल, पण यात गुन्हा काही दिसत नाही, अशा आशयाचा तो शेरा आहे. बिचारे काकोडकर! सुटकेच्या कागदावरच दर्जाबद्दलची नापसंती नोंदवून मिळालेला दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही.

पण त्या शेऱ्यात जो समंजसपणा आहे तो मराठी समीक्षेत शोधू गेलं तर सहज सापडत नाही. एखादी गोष्ट सुमार आहे असं म्हणावं आणि तरी ती वाचणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये, ही दोन कामं एकाच वेळी करता येतात हे आपल्या टीकाकारांना बराच काळ सुचलं नाही. त्यांच्या लेखी सुमार पुस्तकाचा वाचकही सुमार असे.

१९६९ हे वर्ष या दृष्टीने मजेचं आहे. त्याच वर्षी लिटल मॅगझिनच्या तरुणांनी 'सत्यकथा' मासिकाची होळी केली. राजा ढाले त्यांत पुढे होते. प्रस्थापित अभिरुची एकीकडे, ती जाळायला निघालेली बंडखोर अभिरुची दुसरीकडे. वाङ्मयाच्या इतिहासात या भांडणाला मानाचं पान आहे, आणि ते असायलाही हवं. मात्र 'रंभा' वाचणाऱ्यांना या दोन्ही तंबूंत जागा नव्हती. त्यांना त्याचं सोयरसुतकही नसावं. डिसेंबर १९६९मध्ये राज खोसलांचा 'दो रास्ते' लागला. राजेश खन्ना, मुमताज, आणि थिएटरबाहेर ही गर्दी. चित्रपट काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवर बेतलेला होता. पुढे १९७८मध्ये त्याच खोसलांनी त्यांच्याच 'अशी तुझी प्रीत'वरून 'मैं तुलसी तेरे आंगन की' काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर मिळालं. अनुभवाचा तोकडेपणा दिसतो म्हणून शेरा खाल्लेल्या लेखकाच्या गोष्टीवर अख्खा हिंदुस्थान डोळे पुसत होता. यावरून काकोडकर मोठे लेखक ठरत नाहीत. ते कशात तरी वाकबगार होते, एवढं मात्र ठरतं. आणि ते 'कशात तरी' म्हणजे नेमकं कशात, हे तपासायची तसदी कुणी फारशी घेतली नाही.

कादंबरीकडे संशयाने पाहायची आपली खोड जुनीच. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. सुंदर नायिका, तिच्यावर कोसळणारी संकटं, दुष्टांची कारस्थानं आणि योगायोगांची माळ. लोकांनी ती भराभर वाचली. १८७२मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या अद्भुताच्या नादाची कानउघाडणी केली. म्हणजे मराठी कादंबरी जेमतेम पंधरा वर्षांची असतानाच तिला पहिली छडी बसली होती. मराठे यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या कादंबऱ्या आज वाचताना हसू येतं. पण वाचक ऐकेनात. त्यानंतर रेनॉल्ड्सची लाट आली. जॉर्ज रेनॉल्ड्स हा लंडनच्या बकाल गल्ल्यांतली आणि सरदारांच्या वाड्यांतली गुपितं हप्त्याहप्त्याने विकणारा लेखक. त्याला इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी वाऱ्यावर सोडलं, हिंदुस्थानातल्या नवशिक्षितांनी मात्र डोक्यावर घेतलं. गो. ना. दातारांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' अशी पुस्तकं दिली आणि दोन पिढ्यांच्या झोपा उडवल्या.

आणि हरिभाऊ आपटे? मराठी सामाजिक कादंबरीचे जनक म्हणून ज्यांची तसबीर आपण लावतो, त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली होती. ना. सी. फडक्यांनी १९१७मध्ये 'अल्ला हो अकबर' लिहून सुरुवात केली ती मेरी कॉरेलीचं बोट धरून, आणि कॉरेली म्हणजे इंग्रज समीक्षकांच्या चेष्टेचं हक्काचं गिऱ्हाईक. आपल्या प्रतिष्ठित घराण्यांची मूळ गावं अशी बाजारपेठेतली आहेत. घराणं नावारूपाला आलं की बाजारातल्या दुकानाचा विषय घरात काढायचा नसतो, तेवढंच झालं.

पहिला दिवाळी अंक १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी काढला, तो ज्या मासिकाचा होता त्याचं नाव 'मनोरंजन' होतं, याचीही आठवण इथे असू द्यावी. पुढे अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' अशी तीन मासिकं चालवली. एकात चोखंदळ ललित साहित्य, दुसऱ्यात विनोद आणि हलकंफुलकं, तिसऱ्यात गूढ, भय, विज्ञान, साहस. संपादक एकच. एकाच घरातला माणूस सकाळी 'हंस' आणि रात्री 'नवल' वाचू शकतो, हे अंतरकरांना कुणी सिद्धांत मांडून सांगावं लागलं नाही.

आता बाबूराव अर्नाळकरांकडे वळतो. त्यांच्यासाठी थोडी जास्त जागा लागणार.

मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिनेस बुकात त्यांची नोंद झाली ती १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने छापलेल्या १,०९२ रहस्यकथांसाठी. भागाकार करून पाहा: ४८ वर्षं, महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं, आणि त्यात दुकानही सांभाळायचं. काळापहाड, झुंजार आणि त्याची विजया, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं घराघरांत पोचली होती. काळापहाड आणि झुंजार कायद्याला गुंगारा देत, पण बदमाशांनाच लुटत. धनंजय गुप्तहेर. स्वातंत्र्याच्या आगेमागे वयात आलेल्या मराठी माणसासाठी ही मोठी चैन होती. साहेबाच्या कायद्यापुढे मान तुकवून जगणाऱ्या कारकुनाला आणि गिरणीतल्या जॉबरला पोलिसांच्या हातावर तुरी देणारा मराठी नाव लावलेला पुरुष चार आण्यांत भेटत होता.

अर्नाळकर मी अलीकडे पुन्हा वाचायला घेतले तेव्हा त्यांचं तंत्र उघडं पडलेलं दिसलं, आणि त्याचंच कौतुक वाटलं. वर्णनाला फाटा. माणूस आत येतो, त्याच्या हातात काहीतरी असतं, संवाद सुरू. वाक्यं छोटी, जेमतेम अक्षरओळख झालेल्यालाही धाप लागू नये अशी. प्रकरण अशा जागी तोडलेलं की पुस्तक मिटवणं अशक्य. इंग्रजी रहस्यकथांची सावली जागोजागी दिसते. मोटारी, पिस्तुलं, क्लब, मुखवटे हे सगळं तिकडून आलेलं; पण ती मोटार गिरगावातून किंवा मलबार हिलवरून धावते आणि आत बसलेला माणूस शुद्ध मराठी बोलतो. दोष तर ढीगभर. एकाच पुस्तकात नायक तीनदा बेशुद्ध पडतो. खलनायक आपला सगळा बेत शेवटी स्वतःच सांगून टाकतो, नाहीतर पानं संपली असती. बायका एक तर शूर आणि सोज्वळ, नाहीतर विषारी. महिन्याला दोन पुस्तकं लिहिणाऱ्याला दुसरा खर्डा करायला सवड कुठली?

ही यादी मी केली, पण त्या काळच्या कुठल्याही वाचकाने याहून लांब यादी दिली असती. रहस्यकथेचा वाचक भाबडा असतो ही टीकाकारांची समजूत मला कधीच पटली नाही. शंभर रहस्यकथा वाचलेला माणूस एकशेएकावीत खुनी कोण ते तिसऱ्या प्रकरणात ओळखतो आणि तरी पुढे वाचतो. त्याला लेखकाने कुठला डाव टाकला ते बघायचं असतं. डाव फसला तर तो शिवी घालतो. वाचनालयाच्या जुन्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी वाचा: 'फेकू', 'हे कसं शक्य आहे?', 'गोळ्या सहाच असतात'. आणि पहिल्याच पानावर एखाद्या दुष्टाने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतंच. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या मोजणाऱ्या वाचकाला स्वप्नरंजनात बुडालेला म्हणायचं तर म्हणा.

बाबूरावांमागून गुरुनाथ नाईक आले. गोव्याशी नातं असलेला आणि हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिलेला आणखी एक अचाट लेखक. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर त्यांच्या कादंबऱ्या लटकलेल्या असत. सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एक पुस्तक कराडपर्यंत पहिल्याच्या हातात, साताऱ्यापर्यंत दुसऱ्याच्या आणि पुण्यापुढे कंडक्टरच्या, असा प्रवास सर्रास चाले. हे पुस्तक कुणाच्याही कपाटात जात नसे. म्हणूनच त्याच्या प्रती आज दुर्मिळ आहेत आणि जुन्या पुस्तकांचे व्यापारी त्यांना भलत्या किमती लावतात.

या सगळ्या व्यवहाराचा कणा होती भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी. ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरात असं एक वाचनालय अजून तग धरून आहे. दोन गाळे, रॅक छतापर्यंत, पुस्तकांना खाकी कव्हरं आणि त्यांच्या पाठीवर शाईने टाकलेले नंबर. मालक साठीच्या पुढचे. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलं. मी त्यांना विचारलं, कुठलं पुस्तक चालतं हे तुम्हाला कसं कळतं? त्यांनी उत्तर न देता एक पुस्तक काढून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर चिठ्ठी, तिच्यावर आणखी एक, असा जाड थर झाला होता. "हे नारायण धारप, भयकथावाले. तिसऱ्यांदा बाइंडिंग केलंय." मग दुसरं काढलं. पुरस्कार मिळालेली कादंबरी, नाव सांगत नाही. चिठ्ठीवर चार तारखा. "यातली एक माझीच," ते म्हणाले. "मी वाचली. चांगली आहे. पण लोकांना सांगून थकलो."

या माणसाने चाळीस वर्षं दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचली आणि दिली आहेत. बायकांच्या वाचनाबद्दल ते जे बोलले ते मला कुठल्या प्रबंधात आढळलं नव्हतं. दुपारी दोन ते चार या वेळात येणाऱ्या बायका योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर यांची पुस्तकं नेत. जोगळेकर शास्त्रीय गायिकाही होत्या आणि त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना ओळ-दीड ओळ मिळते. "त्या बायका पुस्तक बदलायला यायच्या, पण अर्धा तास इथे उभ्या राहून बोलायच्या. कुठल्या नायिकेने नवऱ्याला सोडायला हवं होतं, कुठली उगाच परत गेली. घरात हे बोलायची सोय नव्हती ना!" कादंबरीचा शेवट पारंपरिक असे, नायिका बहुतेक वेळा घरी परत येई. काउंटरवरच्या चर्चेत मात्र ती परत येत नसे. टीकाकारांनी छापील शेवट वाचला आणि कादंबरी प्रतिगामी ठरवली. काउंटरपाशी ते कधी उभे राहिले नाहीत.

टीकाकारांवर मी एकतर्फी तुटून पडतोय असं वाटायला नको, म्हणून भालचंद्र नेमाड्यांबद्दल सविस्तर. 'टीकास्वयंवर' हे त्यांचं साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक. त्यातल्या कादंबरीविषयीच्या विवेचनात त्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन सुरुवातीच्या कादंबऱ्यांपासून निघणारे तीन प्रवाह दाखवले. 'मुक्तामाले'चा तो रंजनाचा. या प्रवाहावर त्यांचा आसूड असा चालतो की वाचताना मजा येते. फडके, खांडेकर, ऐतिहासिक कादंबरीवाले, कुणी सुटत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी नेमाडे बरोबर आहेत. फडक्यांच्या नायकांना पोटापाण्याचा प्रश्न क्वचितच पडतो. खांडेकरांची पात्रं दाताला कळ लागली तरी सुभाषित बोलतील. ऐतिहासिक कादंबरीतले राजे पुतळ्यासारखे उभे राहून भाषणं करतात. भाषेचा नुसता फुलोरा करून वाचकाला खूश ठेवणं हे लेखकाचं काम नव्हे, हे कुणीतरी खडसावून सांगायलाच हवं होतं.

माझी तक्रार निराळी आहे. हे सांगताना वाचक हा घटक त्यांच्या हिशेबातून गळाला. 'ययाती' १९५९ची, १९७४मध्ये मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते तिच्या लेखकाला, खांडेकरांना. गुजरातीत, तमिळमध्ये खांडेकर आपले म्हणून वाचले गेले. एवढ्या लोकांना त्या सुभाषितांत काय सापडलं? शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला, घरात पुस्तक नसलेल्या पहिल्या पिढीच्या वाचकाची भूक ठाऊक होती, असं मला वाटतं. वहीत उतरवून घेता येईल असं वाक्य त्या वाचकाला हवं असे. ती भूक खोटी नव्हती. पुढे ज्ञानपीठ नेमाड्यांनाही मिळालं, आणि दिल्लीतल्या त्या यादीत दोघे एकाच भाषेखाली सुखाने नांदतात.

आणखी एक गंमत. नेमाड्यांचीच 'कोसला' (१९६३) खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंगाची. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) पुण्याच्या एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यावरची. एक मराठी कादंबरीची दिशा बदलणारी, दुसरी समीक्षेने दारातही न घेतलेली. पण पुण्यातल्या कुठल्याही मुलांच्या होस्टेलवर विचारा: पोरांनी दोन्ही पाठ केलेल्या असतात. 'कोसला'तली वाक्यं मेसमध्ये फेकली जातात, 'दुनियादारी'तली प्रेमपत्रांत जातात. ज्या एकलकोंडेपणातून पोरगा 'कोसला' उघडतो, त्याच एकलकोंडेपणाने त्याला कट्टा हवासा होतो. बंडाचं पुस्तकही पंथ तयार करतं आणि लोकप्रिय होतं. 'कोसला'च्या आवृत्त्या काही समीक्षकांनी विकत घेतलेल्या नाहीत.

शिरवळकरांवर अन्याय झाला तो मला जास्त लागतो. अमर विश्वास, फिरोझ इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन अशा नायकांच्या रहस्यकथा त्यांनी झपाट्याने लिहिल्या. पण त्यांचा कान फार तयार होता. एकमेकांची टर उडवत बोलणारी, मध्येच हळवी होणारी आणि ते लपवायला पुन्हा शिवी देणारी मुलं त्यांनी जशी पकडली तशी त्यांच्या काळातल्या कुणा प्रतिष्ठित लेखकाने पकडलेली मला आठवत नाही. ते २००३मध्ये गेले. दहा वर्षांनी, २०१३मध्ये, संजय जाधवांचा 'दुनियादारी' चित्रपट आला, तुफान चालला, आणि मग सगळे म्हणू लागले की शिरवळकर मोठेच होते! चित्रपटाने पुस्तकाचा शेवट आणि काळजातली कडवट चव बरीच पातळ केली होती, पण त्याने काही बिघडलं नाही. पुस्तकं पुन्हा छापली गेली. पडद्याचा शिक्का बसेपर्यंत पुस्तक आवडतं म्हणायचीही आपल्याला चोरी, याचं मात्र वाईट वाटतं.

नारायण धारपांचं तसंच झालं. राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची 'आजी' ही गोष्ट सांगितली. त्या भीतीचं बी त्यांनी अनेक वर्षं जपलं आणि त्यातून 'तुंबाड' आला. २०१८मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्या चित्रपटाने झाली. चित्रपटाचं नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. प्रतिष्ठित कादंबरीने गाव दिलं आणि वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकाने त्या गावात भूत सोडलं. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

धारपांबद्दल बोलताना एक अडचणीची गोष्ट टाळता येत नाही. 'आजी' मुळात स्टीफन किंगची. 'लुचाई' तर 'सालेम्स लॉट' वाचलेल्याला लगेच ओळखू येते. आजच्या हिशेबाने याला उसनवारी म्हणावं लागेल, आणि मूळ लेखकाचं नाव न देणं हे गैरच. तरीही 'लुचाई' वाचताना अंगावर येणारा काटा किंगचा नाही. अमेरिकेतल्या गावावर पडलेली अवकळा वेगळी, आणि ज्याच्या माडीवर कुणी राहत नाही असा वाडा मध्यभागी घेऊन बसलेलं आपल्याकडचं तालुक्याचं गाव वेगळं. संध्याकाळी दिवे लागल्यावर पडवीत कुणाची तरी चाहूल लागते, तेव्हा धारप त्या पडवीचा अंधार एखाद्या जुन्या कोकणी म्हातारीच्या खात्रीने सांगतात. त्यांचा समर्थ हा नायक दुष्ट शक्तींशी लढतो तो जवळपास सरकारी अधिकाऱ्याच्या शिस्तीत, आरडाओरडा न करता. इतक्या सपाट, कामापुरत्या मराठीत इतकी भीती कशी निर्माण होते, हा शैलीविज्ञानाचा फार चांगला प्रश्न आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना निदान त्यांच्या नाटकांच्या पुण्याईने थोडी प्रतिष्ठा लाभली; धारपांना ती सोय नव्हती.

वपु काळ्यांवर मी लिहिणार नाही. ते मला आवडत नाहीत. ते का आवडत नाहीत याची माझ्याकडे कारणं आहेत आणि ती टीकाकारांच्या कारणांशी जुळतात. पण रोज सकाळी फोनवर 'वपुर्झा'तलं, कधी कधी तर त्यात नसलेलंही, वाक्य पाठवणाऱ्या माझ्या मावशीला मी ती ऐकवत नाही. तिला ती ऐकून काही फरक पडणार नाही, आणि तिने मला अर्नाळकर वाचताना पाहिलेलं आहे.

लोकप्रिय कादंबरीवर जी टीका व्हायला हवी होती ती राहूनच गेली, हे जुनी पुस्तकं वाचताना सारखं जाणवतं. रंजन करतात म्हणून त्यांना झोडपलं. कुणाचं रंजन आणि कुणाच्या जिवावर, हे विचारलं नाही. रहस्यकथांतले गुंड कुठल्या वस्तीतून येतात, त्यांची नावं कुठल्या धर्माची असतात, नोकराची जात कशी सुचवली जाते, नायक चव्हाण-जाधव असला तरी बोलतो सदाशिव पेठेतलं का, नायिकेवर हात टाकणाऱ्या प्रसंगाचं वर्णन इतकं रेंगाळत का केलेलं असतं, हे प्रश्न त्या पुस्तकांना मनापासून वाचणाराच विचारू शकला असता. दुरून नाक मुरडणाऱ्याला ते दिसत नाहीत. मी अर्नाळकरांत रमलो त्याच संध्याकाळी एका पानावर थबकलो, दोन ओळींनी चांगलाच बेचैन झालो, आणि मग प्रकरण संपवलं. दोन्ही गोष्टी घडल्या. पुस्तक आवडण्यासाठी ते निर्दोष असावं लागत नाही, आणि ते आवडलं म्हणून त्याच्या दोषांवर पांघरूण घालण्याचं कंत्राटही आपण घेतलेलं नसतं.

आता ही पुस्तकं कानांनी ऐकली जातात. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, रात्री गाडी चालवताना मराठी भयकथा ऐकणारी मंडळी वाढताहेत. वाचनालयाचे मालक म्हणाले की त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते आणि तिने लहानपणी दुकानात फुकट मिळत असून न वाचलेले धारप आता पैसे भरून ऐकते. ते हे सांगत होते, तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई आल्या. हातातलं पुस्तक त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलंच.

"काही दम नाही यात. दोनशे पानं घोळवलं आणि शेवट गुंडाळला. त्या वकिलाला सुरुवातीपासून सगळं माहीत होतं, तर बोलला का नाही? मेलं, लेखकाने माझे दोन दिवस फुकट घालवले."

मालकांनी शांतपणे तारखेचा शिक्का मारला. बाईंनी चष्मा पुसला, रॅककडे नजर टाकली आणि विचारलं, "ह्याच लेखकाचं दुसरं आहे का, जाडसं?"